वीस कॉलेजं आणि चौसष्ट टक्के

मुलगी बारावी सायन्सला, वडील एका कारखान्यात क्वालिटी विभागात. मी अमेरिकेतल्या प्रवेशांबद्दल सल्ला देते, म्हणून दोघं आली होती. बसल्याबसल्या त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. अमेरिकेतली वीस कॉलेजं, प्रत्येकापुढे त्याचा प्रवेशाचा दर, सरासरी पाच टक्के. तळाशी सूत्र: एकातून ०.९५ चा, म्हणजे एका ठिकाणी नकार येण्याच्या शक्यतेचा, विसावा घात वजा. उत्तर ६४. "मॅडम, निदान एका ठिकाणी लागण्याचा चान्स ६४ टक्के येतोय. बरोबर ना?"

आकडेमोड बिनचूक होती. चूक होती ती सूत्रात घातलेल्या पाच टक्क्यांत, आणि त्याहून मोठी चूक 'घात' घेण्यात. असा हिशेब बरेच पालक मनातल्या मनात करतात. यांनी तो लिहून आणला होता, त्यामुळे तपासणं सोपं गेलं.

आधी ते पाच टक्के. हार्वर्डने २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्जांतून १,९३७ जणांना घेतलं, म्हणजे ३.६ टक्के. येलचा दर त्याच वर्षी ३.७ होता. हे सगळ्यांचे मिळून दर. त्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं येतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं येतात, प्राध्यापकांची येतात. भारतातून अर्ज करणाऱ्या मुलीला यातलं काहीच लागू नसतं. एमआयटी परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे देते, म्हणून तिथे फरक उघड दिसतो: परदेशी मुलांचा दर एकूण दराच्या साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी. शीटमध्ये पाचाच्या जागी दोन टाकून पाहिलं. ६४ चे ३३ झाले. बाबा गप्प बसले, पण ३३ सुद्धा त्यांना वाईट वाटला नाही.

'अर्ली डिसिजन'चा, म्हणजे लवकर अर्ज करून 'घेतलंत तर इथेच येईन' असं बांधून घेण्याच्या फेरीचा दर त्यांनी दोन कॉलेजांपुढे मुद्दाम लाल रंगात लिहिला होता, कारण तो १८ टक्क्यांच्या आसपास दिसत होता. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता छापतात. त्यातल्या सी-१ मध्ये एकूण अर्ज आणि प्रवेश असतात, सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे. वजाबाकी आपण करायची. समजा ३०,००० अर्ज आणि २,००० प्रवेश; त्यातले अर्लीचे ५,००० अर्ज आणि ९०० प्रवेश. अर्लीचा दर १८ टक्के. उरलेल्या २५,००० मध्ये १,१०० जणांना जागा, म्हणजे ४.४. इथपर्यंत सगळे येतात आणि अर्लीकडे धावतात. पण प्रशिक्षकांनी निवडलेले बहुतेक खेळाडू त्या ९०० मध्येच असतात. ते काढले की १८ चा आकडा बराच खाली येतो. आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी मुलासाठी तो आणखी खाली जातो, तोही कुठे छापलेला नसतो.

आता तो विसावा घात. घात घ्यायचा तर वीसही ठिकाणचे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. इथे वीस ठिकाणी तीच मार्कशीट, तीच शिफारसपत्रं, तोच ६५० शब्दांचा निबंध जातो. शिफारसपत्र कोरडं असेल तर ते वीसही ठिकाणी कोरडंच वाचलं जाणार. मी बाबांना त्यांच्याच कामातलं विचारलं: एका सदोष साच्यातून वीस नग काढले तर निदान एक चांगला निघण्याचा हिशेब तुम्ही असाच कराल का? ते हसले आणि म्हणाले, "आधी साचा बघू." मग फाइल उघडली.

दहावी ९९.२० टक्के. यावर घरच्यांचा सगळा भरवसा. २०२४ च्या दहावीच्या निकालात महाराष्ट्र बोर्डात १८७ मुलांना १०० टक्के होते. सहापैकी उत्तम पाच विषय धरायचे आणि खेळ-कलेचे वाढीव गुण मिळवायचे, असा तो हिशेब. आपल्याकडची पद्धत म्हणून ते ठीकच आहे, पण निवड करणाऱ्यासमोर यातून फारसा निवाडा होत नाही. सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५५०, त्यात गणितात ८०० पैकी ८००. एमआयटीत आलेल्या मुलांचा गणिताचा मधला पट्टाच ७८० ते ८०० असतो, म्हणजे ८०० ने दार उघडत नाही, फक्त बंद होत नाही. प्रवेशपद्धतीवरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात पुढे आलेला आकडा मी अशा वेळी सांगते: एका वर्षीच्या केवळ अमेरिकी अर्जदारांत पूर्ण जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) असलेले ८,००० हून जास्त होते, सॅटच्या भाषाविभागात पैकीच्या पैकी मिळवणारे सुमारे २,७००, आणि जागा दोन हजारांहून कमी.

अकरावीची मार्कशीट फाइलच्या तळाशी होती. ६८ टक्के.

"अकरावीला कोण विचारतं, मॅडम? इंटिग्रेटेड होतं, कॉलेज आणि क्लास एकत्र, सगळा वेळ जेईईला." आपल्याकडे खरंच कोणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र नववी ते बारावी चारही वर्षं मागतात आणि त्यांच्या नजरेत अकरावी हे सर्वांत वजनदार वर्ष, कारण अर्ज जाताना पूर्ण झालेलं शेवटचं वर्ष तेच. ९७, ९९, ६८ असा उतार पाहून वाचणारा एकच अर्थ लावतो: अभ्यास कठीण झाला आणि मुलगी मागे पडली. हा अर्थ खोडून काढण्याचं काम निबंधाचं नाही. निबंधात कारणं दिली की ती सबबीसारखी वाटतात. ते काम ज्युनियर कॉलेजच्या कागदाचं, म्हणजे अर्जासोबत कॉलेजची आणि तिथल्या गुणांची ओळख करून देणाऱ्या 'स्कूल प्रोफाइल'चं.

उपप्राचार्यांकडून सायन्सच्या अकरावीचा पूर्ण निकाल मागवला. २४० मुलं, पहिल्या आलेल्या मुलाला ७९, सत्तरच्या वर फक्त नऊ जण. ६८ म्हणजे त्या २४० जणांत बारावा क्रमांक. हे दीड पानाच्या प्रोफाइलमध्ये कोष्टक करून घातलं: गुणांचे पट्टे, प्रत्येकात किती मुलं, बोर्डाची परीक्षा दहावी आणि बारावीलाच असते आणि अकरावीचे पेपर कॉलेज स्वतः काढतं ही दोन वाक्यं. बस. तेवढ्याने ६८ चे ९५ होत नाहीत, पण घसरण म्हणून वाचले जात नाहीत. बारावीचे अंदाजी गुण ज्युनियर कॉलेजं सहसा देत नाहीत. प्रिलिमचे गुण जानेवारीतल्या मिड-इयर रिपोर्टमधून, म्हणजे वर्षाच्या मध्यात कॉलेज पाठवतं त्या अहवालातून, पाठवायचं ठरलं. म्हणून प्रिलिम गंभीरपणे द्यायची, हे मुलीला दोनदा बजावलं.

शिफारसपत्रांत नेहमीची अडचण निघाली. जे सर तिला खरोखर ओळखतात ते क्लासचे, आणि क्लासच्या सरांचं पत्र 'इतर' या सदरात जातं, शिक्षकांच्या सदरात नाही. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं लागतं आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या. तिच्या इंग्रजीचा तास फक्त टाइमटेबलवर होता. शेवटी दहावीच्या मराठीच्या बाईंना गाठलं. त्यांनी मराठीत लिहिलं, शाळेने इंग्रजी करून सही-शिक्क्यासह दिलं, आणि तीन पत्रांत तेच सर्वांत जिवंत झालं. पत्र जीमेलवरून अपलोड करू नये, संस्थेच्या नावाचा ईमेल हवा. कॉलेजकडे तो नसेल तर सप्टेंबरातच तयार करून घ्यावा, ऑक्टोबरच्या अखेरीस क्लार्क सापडत नाही.

उपक्रमांच्या दहा रकान्यांत बाबांनी दहा प्रमाणपत्रं भरली होती. कराटेचा पट्टा, एका खासगी ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक, दोन दिवसांची रोबोटिक्स कार्यशाळा, सहावीतली होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा. कॉमन ॲपला (बऱ्याच कॉलेजांचा मिळून एकच ऑनलाइन अर्ज) नववीच्या आधीचं नको असतं, ती परीक्षा तिथेच गळली. गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा आयओक्यूएम आणि त्यापुढची आरएमओ पार करून ती राष्ट्रीय फेरीला, आयएनएमओला बसली होती, ते मात्र 'इतर परीक्षा' म्हणून आठव्या नंबरवर. आयएनएमओपर्यंत पोचणारी मुलं देशभरात काही शेच असतात. ते उचलून पुरस्कारांच्या पाच जागांत पहिलं टाकलं.

मग मी मुलीला विचारलं, शनिवारी-रविवारी काय करतेस? ती बाबांकडे बघून म्हणाली, "शीट्स काढते." जिल्हा परिषदेच्या दोन शाळांतल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी ती नववीपासून दर महिन्याला मराठीतून गणिताच्या दहा कोड्यांचा कागद काढत होती. मुलांची उत्तरं जमवायची, कोणत्या प्रश्नात कोणती चूक किती जणांनी केली ते वहीत लिहायचं आणि पुढचा कागद त्या चुकांवर बेतायचा. तीन वह्या भरल्या होत्या. यादीत हे नव्हतं. "त्याचं सर्टिफिकेट नाही ना," बाबा म्हणाले.

वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, स्पेस धरून. त्यात 'गरीब मुलांना मदत' हे लिहायचं नाही. किती कागद, किती मुलं, चुकांची नोंद कशी, त्यातून काय बदललं, एवढंच. तो उपक्रम पहिला ठेवला, एक रकाना रिकामा सोडला. वाचणाऱ्याला आता एक मुलगी दिसते: गणितात खोल, आणि चुका कशा होतात याचं कुतूहल असणारी. तिची शक्यता यामुळे किती वाढली? माझ्या मते दुप्पट. पण दोनाचे चार झाले तरी ते चारच असतात, हेही सांगितलं.

पैशांचा विषय मी शेवटी काढते, कारण तो काढल्यावर बाकीचं ऐकलं जात नाही. अशा खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या घरात आहे. घरचे वर्षाला २० लाख रुपये देऊ शकत होते. उरलेला डोंगर कॉलेजने उचलायला हवा. परदेशी मुलांची ऐपत न बघता निवड करणारी ठिकाणं मोजकी, त्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन, आणि २०२५ च्या प्रवेशापासून ब्राउन. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन इथे मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होतो. कार्नेगी मेलन परदेशी पदवी विद्यार्थ्यांना मदत देत नाही. बर्कली आणि यूसीएलएमध्ये परदेशी मुलांनी गरजेवर आधारित मदतीची आशा धरू नये. "मदत आत्ता नको मागूया, आत गेल्यावर मागू," ही युक्ती करू नये. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी न मागितल्यास पुढे मागताच येत नाही.

डेटा सेटमधल्या एच-६ मध्ये मदत मिळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या आणि सरासरी रक्कम असते. संख्येला चाराने भागा. ८० असेल तर वर्षाला वीसेक जागा, त्या साऱ्या जगासाठी. या एका भागाकाराने शीटमधल्या सात ओळी उडाल्या. त्यांच्या जागी कार्लटन, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर आली. "ही नावं आमच्याकडे कोणाला माहीत नाहीत," बाबा म्हणाले. खरं आहे. पण मंजूर झालेली पूर्ण गरज ती भागवतात आणि गणितासाठी चांगली आहेत.

शेवटी अकरा कॉलेजं उरली. ऐपत न बघणारी पाच: शंभरात दोन ते चार. बाकी सहा: शंभरात पाच ते आठ. सगळी मिळून एका तरी ठिकाणी परवडेल असा प्रवेश: चारात एक. हा माझा अंदाज आहे, सूत्र नाही, असं त्याच कागदावर लिहून दिलं. वीस अर्जांत तीन-तीन निबंध धरले तर साठ होतात. १ जानेवारीच्या आसपास ते पाठवायचे, त्याच महिन्यात जेईई मेन, फेब्रुवारीत बोर्ड. अकरा सुद्धा जास्तच.

१ नोव्हेंबरला एका ठिकाणी, बांधील नसलेल्या अर्ली फेरीत अर्ज गेला. डिसेंबरच्या मध्यात 'डिफर्ड' आलं, म्हणजे निर्णय पुढच्या फेरीवर ढकलला. घरात सुतक पसरलं, कोणीतरी नवी प्रमाणपत्रं पाठवायला सुचवलं. पाठवलं ते इतकंच: प्रिलिमचे गुण, भौतिकशास्त्रात ९१, आणि नोव्हेंबरच्या कागदावर मुलांनी केलेल्या चुकांविषयी सहा ओळी.