इराकच्या फायली तपासताना: माझा अनुभव

ऑक्टोबर 2005मध्ये, इराकसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतील गैरव्यवहार तपासणाऱ्या पॉल व्होल्कर समितीचा अंतिम अहवाल आला. इराकी सरकारला छुपे पैसे पोहोचवणाऱ्या दोन हजारांहून अधिक कंपन्यांच्या यादीत पंप पुरवणाऱ्या आमच्या कंपनीचेही नाव होते. भारतात चर्चा फिरली ती बहुतेक, अहवालात नाव आलेले परराष्ट्रमंत्री नटवरसिंह यांच्याभोवती. नोव्हेंबरात त्यांचे परराष्ट्र खाते गेले, पण कंपन्यांच्या तक्त्यांकडे फारसे कुणी पाहिले नाही. मी तेव्हा अंतर्गत लेखापरीक्षण सांभाळत होते, त्यामुळे इराकचे जुने करार तपासायचे काम माझ्याकडे आले.

इराकवरील व्यापारी निर्बंधांमुळे तिथल्या जनतेचे हाल होत होते, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना आणली. डिसेंबर 1996पासून तेल विकले जाऊ लागले. पैसा सद्दाम हुसेन यांच्या हाती न जाता एस्क्रो खात्यात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील खात्यात, पडायचा आणि त्यातून अन्न, औषधे, यंत्रे पुरवणाऱ्यांची बिले भागायची.

आमच्या फायली वरवर चोख होत्या. करार, मंजुरी, एल.सी. (बँकेचे पतपत्र), इराकच्या उम्म कस्र बंदरात माल उतरल्याचा दाखला, सगळे जुळत होते. मग मी कागद बाजूला ठेवून किमती धरल्या. त्याच पंपांचे इतर देशांना दिलेले दर शेजारी मांडले, तर 2000च्या उत्तरार्धापासून इराकचा दर सरळ दहा टक्क्यांनी चढलेला. कारण काय, तर ‘विक्रीपश्चात सेवा’. मी तंत्रज्ञांचे भेट-अहवाल मागितले, प्रवासाची व्हाउचर मागितली, सुट्या भागांची चलने मागितली. काहीच नव्हते. शेवटी एजंटच्या पत्रव्यवहारात एकपानी हमीपत्र सापडले: माल पोहोचण्याआधी दहा टक्के रक्कम जॉर्डनमधल्या बँकेत भरू. खाली आमच्या अधिकाऱ्याची सही.

विक्री विभाग म्हणाला, “सगळेच देत होते. आणि आपल्या खिशातून कुठे गेले?” याचाच मला सर्वात जास्त संताप आला. गेले ते इराकी लोकांच्या खात्यातून! वाढवलेले बिल त्यांच्याच तेलाच्या पैशातून भरले गेले, आणि वरचे दहा टक्के ज्याच्या हाती पडू नयेत म्हणून ते खाते उघडले होते त्याच सरकारकडे परत गेले. समितीच्या हिशेबाने माल पुरवठादारांकडून अशी 150 कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. तेवढी औषधे, तेवढे धान्य कमी पोहोचले.

अहवालातून ते हमीपत्र वगळावे, असे मला दोनदा सुचवले गेले. मी ते पहिलेच परिशिष्ट म्हणून जोडले आणि दरांचा तक्ता त्याच्या मागे लावला. संचालक मंडळाने वकिलांशी बोलून मूळ कागद तपास यंत्रणेला दिले आणि त्या एजंटचा करार रद्द केला. आता भेट-अहवाल जोडल्याशिवाय सेवाशुल्काचे कुठलेही बिल माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.