लघवीतून कळेल का, क्रोन्स की कोलायटिस?

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याला सूज आणणारे दोन आजार, दोन्हीत पोटात कळा, जुलाब, रक्त, वजन उतरणं, सगळं सारखंच. पण नेमकं कोणतं हे कळणं फार गरजेचं असतं. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता, तोही आतल्या अस्तरात, गुदाशयापासून सलग वर चढणारा. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधला भाग सोडून सोडून आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर. कोलायटिसमध्ये मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी जोडता येते, क्रोन्समध्ये तीच पिशवी पुढे बिघडायची भीती जास्त. माझ्या धाकट्या बहिणीची कोलोनोस्कोपी, बायोप्सी सगळं झालं, रिपोर्ट आला 'इंडिटरमिनेट', म्हणजे दोन्हीपैकी नेमकं कोणतं ते ठरत नाही. साधारण दहातल्या एका पेशंटचं असंच होतं म्हणे. संडासातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रोटीन मोजलं तर ते सूज आहे एवढं सांगतं, कुठल्या आजाराची ते नाही. तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय.

त्यात लघवीवरचं काम सापडलं आणि मी अडकलेच. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या टीमने २००९ मध्ये क्रोन्सचे ८६, कोलायटिसचे ६० आणि ६० निरोगी लोक घेऊन त्यांची लघवी एनएमआरवर (कुठले पदार्थ किती आहेत ते दाखवणारं यंत्र) तपासली. हिप्प्युरेट नावाचा पदार्थ निरोगी लोकांत सगळ्यात जास्त, कोलायटिसमध्ये कमी आणि क्रोन्समध्ये सगळ्यात कमी. हे हिप्प्युरेट येतं कुठून, तर फळं-चहा-कॉफीतली द्रव्यं आतड्यातले बॅक्टेरिया फोडतात, त्यातून बेंझोएट बनतं, आणि लिव्हर त्याला ग्लायसिन जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. मग शंका येतेच की बिघाड बॅक्टेरियात आहे की लिव्हरमध्ये? तर पुढच्याच वर्षी त्यांनी क्रोन्सच्या पेशंटना आणि निरोगी लोकांना तयार सोडियम बेंझोएटच पाजलं, आणि दोघांचं हिप्प्युरेट सारखंच निघालं! म्हणजे लिव्हर व्यवस्थित काम करतंय, कमी पडतायत ते बॅक्टेरिया. इतका साधा आणि इतका नेमका प्रयोग, मला फार आवडला.

पण म्हणून उद्या लॅबमध्ये जाऊन बाटली द्यायची असं अजून नाही. चहा, फळं, अँटिबायोटिकचा कोर्स, सॉस-सरबतात प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून घातलेलं तेच बेंझोएट, सगळ्याने आकडा हलतो. कॅनडातल्या एका अभ्यासात तर आधी ऑपरेशन झालेले पेशंट बाजूला काढल्यावर क्रोन्स आणि कोलायटिसमधला फरक पुसटच झाला. त्यामुळे कोणी आत्ताच अशी टेस्ट विकत असेल तर पैसे घालवू नका, कळकळीने सांगतेय.

आणि आपल्याकडे तिसरा सारखा दिसणारा आजार आहेच, आतड्याचा टीबी. लहान आतडं मोठ्याला मिळतं त्याच जागी टीबी आणि क्रोन्स दोघांचे अल्सर, बायोप्सीतही कित्येकदा काही ठरत नाही, मग एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून दोन-तीन महिन्यांनी परत स्कोप करून बघतात. क्रोन्स निघाला तर तेवढा वेळ आजार आत वाढत राहतो, उलट टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो. म्हणून इथल्या टेस्टमध्ये टीबीचे पेशंट असायलाच हवेत, नुसतं क्रोन्स विरुद्ध कोलायटिस करून आपलं भागणार नाही.

आपल्याकडच्या एखाद्या मेडिकल कॉलेजात कोणी असा अभ्यास करत असेल तर जरूर कळवा, बहीण सॅम्पल द्यायला तयार आहे, आणि तिची रोजच्या खाण्याची वहीपण.