मापाची वही आणि ग्रामसभेचा कोरम

1 मे 2023 च्या ग्रामसभेत मी आयुष्यात पहिल्यांदा बोलायला उभी राहिले. सभागृहात 19 माणसं होती, त्यातली दोन पोरं झेंडावंदनाच्या खुर्च्या उचलायला आलेली.

आमच्या वरच्या आळीत नळाला पाणी येतं ते करंगळीएवढं, तेही खालच्या दोन आळ्यांचं भरून झाल्यावर. तेवढंच बोलले. ग्रामसेवक भाऊसाहेब वहीतून मान वर न काढता म्हणाले, "ताई, हे अजेंड्यावर नाही. ऐनवेळच्या विषयात घेऊ." ऐनवेळचे विषय येईतो सरपंच एका लग्नाला निघून गेले होते. सभा कोरमअभावी तहकूब झाली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. राजकारणाशी संबंध म्हणाल तर मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेण्यापुरता. पण "ऐनवेळच्या विषयात घेऊ" हे वाक्य डोक्यात बसलं आणि मी थोडं वाचायला लागले.

कोरम म्हणजे गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, दोन्हीत जो आकडा कमी असेल तो. आमच्याकडे मतदार अकराशेच्या वर, म्हणजे 100 माणसं हवीत. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. दुसऱ्या खेपेला पाच-सात जण बसले की गावाचा कारभार रीतसर उरकतो. यात कुणी काही लपवलेलं नाही. आपणच जात नाही.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून 26 जानेवारीच्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, मागितलं. तीस दिवसांची मुदत असते, मला 27व्या दिवशी प्रत मिळाली. उपस्थिती 117. त्यात माझीही सही होती! त्या दिवशी मी माहेरी होते. सही मात्र माझ्यापेक्षा वळणदार.

आमचे हे म्हणाले, गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार कर. मी दोन दिवस विचार केला आणि केली नाही. भाऊसाहेबांना एकटं गाठून एवढंच म्हटलं, "भाऊसाहेब, माझी सही छान आलीय." ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर मला कुठल्याही कागदासाठी दोनदा जावं लागलं नाही. हे बरोबर केलं का, आजही सांगता येत नाही. तक्रार केली असती तर कदाचित पुढच्या प्रोसिडिंगमध्ये खोट्या सह्या थांबल्या असत्या. पण मला पाइप हवा होता, आणि भांडण घेऊन बसले असते तर दोन वर्षं भांडणच चाललं असतं.

पैशाचं कोडं थोरल्या लेकीनं फोनवर सोडवलं. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कुठल्याही ग्रामपंचायतीचा आराखडा उघडून बघता येतो. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी गावाला यायचा त्यातला 60 टक्के बंधित असायचा, तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. म्हणजे "पाण्याला पैसे कुठून आणायचे" हा सवालच नव्हता. अडचण दुसरीच होती. काम विकास आराखड्यात नसेल तर त्यावर खर्च करता येत नाही, आणि पुढच्या वर्षाचा आराखडा करायला घेतात 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून. मी मे महिन्यात ओरडत होते, म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडायला गेले होते.

आता वाटलं, सगळं समजलं. फाइल केली, झेरॉक्स काढल्या आणि घरोघर निघाले. लोकांनी बसवलं, चहा दिला, "बरोबर आहे ताई" म्हणाले. जुलैअखेर आळीतल्या लोकांची बैठक बोलावली तर चौघी आल्या, त्यातली एक फॉल न्यायला.

अंगणवाडीताईंनी मला भानावर आणलं. म्हणाल्या, "तुम्ही हातात कागद घेऊन जाता. गावात कागद घेऊन कोण येतं? थकबाकीवाला नाहीतर मतं मागणारा." मग माझ्या मशीनवरची मापाची वही उचलून म्हणाल्या, "अहो, अख्खं गाव तर इथंच आहे की."

ती वही म्हणजे लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. छाती 36, बाही 10, पुढचा गळा 7, आणि समासात माझ्या खुणा: "लेकीचं लग्न मार्गशीर्षात", "सासूला न सांगता", "उधार 120". दीडशेच्या आसपास नावं, तिन्ही आळ्यांतली, सगळ्या भावक्यांमधली. ज्या दोन घरांचं एकमेकांकडे पाणी पिणं बंद आहे त्यांची मापं समोरासमोरच्या पानांवर. गावातल्या कुठल्याच पुढाऱ्याकडे अशी यादी नसेल, आणि मी तिला नुसती वही समजत होते.

मग फाइल कपाटात ठेवली. ब्लाउज द्यायला स्वतः जायला लागले आणि पाण्याचं मी काढायचंच सोडलं, त्यांनाच काढू दिलं. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाक्याला पाणी यायचंच. माझं काम एवढंच, की उठताना म्हणायचं, "2 ऑक्टोबरला सकाळी येणार ना? शंभर माणसं लागतात." कशाला लागतात ते विचारलं तरच सांगायचं.

माझी एक अडचण इथं उलटी कामाला आली. मला तीन अपत्यं, तिसरं 2001 नंतरचं. त्यामुळे ग्रामपंचायतीची निवडणूक मी लढवूच शकत नाही आणि हे गावाला पाठ आहे. "उभी राहणार असेल" हा संशय कुणाला आला नाही. दोन्ही पॅनेलच्या घरांत मला ओट्यावर नाही, आत स्वयंपाकघरात बसवायचे.

सगळ्यात जास्त शिकले ते पाणी सोडणाऱ्या काकांकडून. त्यांच्या सुनेची मी गिऱ्हाईक आणि ती माझी, म्हणजे ती भाजी विकते. तिला म्हटलं, सासऱ्यांबरोबर एकदा येऊ का? पहाटे साडेपाचला काका लोखंडी लांब चावी खांद्यावर टाकून निघाले, मी मागे बॅटरी धरून. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरची फरशी सरकवली, बेडूक उडाला, काकांनी चावी बसवली आणि आटे मोजत फिरवायला लागले. चौदा आटे. "हे बघ पोरी," म्हणाले, "लाइन एकच. खालच्यांचं भरल्यावर तुमच्याकडं चढ. त्यात सात-आठ घरांनी नळालाच मोटारी लावल्यात. पाणी वर जाणार कसं? टाकीपासून तुमची लाइन वेगळी काढा, तिला तिचा व्हॉल्व्ह द्या. तीनशे मीटर पाइप. वीस वर्षं सांगतोय, पण मला विचारतं कोण?"

मी वीस वर्षं त्यांच्या हातचं पाणी पीत होते आणि मीही विचारलं नव्हतं. "पाणी द्या" आणि "टाकीपासून तीनशे मीटर वेगळी लाइन" यांत केवढा फरक आहे ते कुठल्याही कार्यालयात जाऊन बघा. पहिल्याला आश्वासन मिळतं, दुसऱ्याचं अंदाजपत्रक करावं लागतं.

बातमी खालच्या आळीत पोचली ती अशी, की वरचे आपलं पाणी तोडणार. हे मला आधी सुचायला हवं होतं. सगळा जोर आपल्याच आळीवर लावला आणि ज्यांच्या मनात भीती बसेल त्यांच्याकडे गेलेच नाही. तिथल्या एका काकांनी देवळासमोर मला ऐकवलं, "शिवणाऱ्यानं शिवावं." वही उघडून बघितली. काकूंचं माप माझ्याकडेच होतं, पण काकू काही बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्याच पानावर खाली एक आजी होत्या. त्यांची लेक गावातच, आमच्या आळीत दिलेली. आजीची लेक रोज सकाळी आईच्या दारावरून हंडे घेऊन जाते. आजींना मी फक्त विचारलं, "महिला सभेला याल?"

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं कायद्यातच आहे. आमच्याकडे ती रजिस्टरवर व्हायची. शिपाई घरोघर सह्या न्यायचा. या वेळी 1 ऑक्टोबरला 43 बायका खरोखरच येऊन बसल्या आणि भाऊसाहेबांना सतरंजी शोधावी लागली. खालच्या आळीच्या बायका हाताची घडी घालून होत्या. आजी उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "माझ्या पोरीला खालच्या आळीचं पाणी नको. तिचं तिला द्या. ती दारावरून हंडा नेती तवा मला घास जात न्हाई." मी जमवलेल्या आकड्यांपैकी एकही बोलायची गरज पडली नाही. ठराव लिहिला गेला, सूचक वरच्या आळीची, अनुमोदक खालच्या आळीची. ती जोडी मात्र मी आधीच ठरवून ठेवली होती, ते खोटं कशाला सांगू.

2 ऑक्टोबरला साडेदहा वाजता डोकी मोजली. 91. भाऊसाहेब घड्याळ बघायला लागले. अंगणवाडीताईंनी मदतनिसाला भजनी मंडळाकडे पिटाळलं, थोरलीनं कट्ट्यावरच्या पोरांना. पोरांची अट होती, व्यायामशाळेचा विषय आमच्या नावानं मांडायचा. मांडते म्हटलं. 104 झाले. काकांनी, म्हणजे पाणी सोडणाऱ्या काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला आणि तो उलटा धरला. बाकी सभा दहा मिनिटांत संपली. ठराव मंजूर, काम 2024-25 च्या आराखड्यात.

लगेच पाणी आलं असं समजू नका. पंचायत समितीच्या इंजिनिअरांनी येऊन मोजमाप घेईतो फेब्रुवारी उजाडला. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता. मग पावसाळा, रस्ता खोदता येत नाही. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता. या सगळ्यात दर महिन्याला कुणीतरी जाऊन फाइल कुठे आहे ते विचारत राहिलं. मी एकटी असते तर दिवाळीपर्यंत थकले असते, पण तेव्हा आम्ही नऊजणी होतो आणि पाळ्या लावल्या होत्या. जानेवारी 2025 मध्ये पाइप पडला. आता चाळीस मिनिटं पाणी येतं. खालच्या मोटारी अजून तशाच आहेत, तो विषय काढायची हिंमत माझ्यात नाही. त्यातल्या तीन घरांचे ब्लाउज माझ्याकडे असतात.

आणि एक झालं. मशीनपाशी आता कापडाबरोबर अर्ज येतात. कुणाचं घरकुल, कुणाचा रेशनकार्डातला नावबदल. व्यायामशाळेची पोरं तर मला रस्त्यात गाठतात. गेल्या आठवड्यात "शिवणाऱ्यानं शिवावं" वाले काका स्वतः आले. देवळासमोर सभामंडप हवाय, येत्या 15 ऑगस्टच्या सभेत सूचक म्हणून माझं नाव द्यायचं म्हणतात. "तुमच्या वक्ताला आमच्या आळीनं हात वर केला होता," एवढं बोलून गप्प बसले. मला स्वतःला त्या जागी सभामंडपापेक्षा गटार आधी हवंय. जाताना काकूंचे दोन ब्लाउजपीस ठेवून गेले, माप तेच म्हणाले.

ब्लाउज शिवून झालेत. द्यायला जायचं दोन दिवस टाळतेय.