गोळा पडतो ती बाजू

द्रास, मुक्काम दुसरा. रात्रीचे नऊ.

आज दिवसाउजेडी तोलोलिंग पाहिला. १९९९ साली, कारगिलच्या लढाईत, याच रस्त्याच्या कडेला मी दोन महिन्यांवर दिवस काढले, पण तो डोंगर नीट असा कधी बघितलाच नव्हता. आमची तोफ एका सोंडेच्या आड होती. समोर दगडधोंड्यांचा चढ आणि वर आभाळ, एवढंच दिसायचं. जागा बदलायची ती रात्री, गाड्यांचे दिवे बंद करून, कारण वर बसलेल्या शत्रूला श्रीनगर-लेह हायवे सगळा उघडा दिसत होता. लढाई थांबली तशी रेजिमेंट हलली. त्यामुळे गावात, पोरांच्या शाळेत, दर १५ ऑगस्टला मी जे सांगत आलो ते सगळं तोफेच्या अलीकडचं. पलीकडचं मला ठाऊक नव्हतं.

तोफखान्याबाहेरच्या माणसाला हे पटत नाही. त्याला वाटतं, तोफवाला समोर नेम धरून गोळा सोडतो. बोफोर्सवर मी लेयर, म्हणजे तोफेची दिशा आणि उंची लावणारा, होतो आणि माझ्यापुढे असायचे ते आकडे. आमचा ओपी, म्हणजे टेहळणी करणारा, पुढे पायदळाबरोबर बसलेला. लक्ष्य तो बघणार, रेडिओवर सांगणार, कमांड पोस्टात हिशेब होणार, आणि आमच्यापर्यंत येणार ती दिशा, उंची, चार्ज (गोळा ढकलणारी दारू किती), फ्यूज (गोळा फोडणारी टोकाची कळ). मी साइट लावून ‘रेडी’ म्हणायचं. मग ‘फायर’. मग पुढचा आकडा. गोळा कुठे पडला, कुणावर पडला, हे लेयरला कुणी सांगत बसत नाही आणि त्यानेही विचारायचं नसतं. विचारायला वेळ कुठे होता? तेव्हा बोफोर्सवर हात बसला होता, पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे जायचे. एकेक गोळा चाळीस किलोच्या वर.

त्यात इथली हवा. देवळालीला, तोफखान्याच्या शाळेत, शिकलो ते तक्ते सपाटीच्या हवेचे. द्रासच सव्वातीन हजार मीटरच्या वर, आणि माथे साडेचार-पाच हजारांवर. विरळ हवेत गोळा तक्त्यापेक्षा लांब जातो. मैदानात शंभर-दोनशे मीटर चुकले तर जवळपास तरी पडतो. इथे डोंगराची धार म्हणजे विळ्याचं पातं. थोडं जास्त झालं की गोळा धारेवरून पलीकडच्या दरीत, आणि थोडं कमी झालं की चढत असलेल्या आपल्याच पोरांवर. ही धास्ती मी तेव्हा कुणाला बोललो नव्हतो. आकडा बरोबर लावला का, हे दोनदा बघायचो. अजून झोपेत कधी कधी बघतो, असं ही सांगते.

आम्ही बावीस जण आलोय. बहुतेक तोफखान्यातले, काहींच्या बायका बरोबर. आमचे नंबर वन, म्हणजे तोफेच्या टुकडीचे हवालदार, आता सहासष्ट वर्षांचे आहेत आणि गुडघ्याला पट्टा बांधून आलेत. मी अजून त्यांना नंबर वनच म्हणतो. झोजिला घाटात काल दोन तास अडकलो, ते सोडलं तर प्रवास ठीक झाला. सहलीच्या कागदावर द्रासच्या स्मारकाला एक तास दिला होता. नंबर वननी श्रीनगरलाच सहलवाल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, बाकीचं काय वाटेल ते गाळ, आम्हाला इथे अख्खा दिवस पाहिजे. पोरगा समजूतदार निघाला. शिकाऱ्याचा दुसरा फेरा गाळला.

स्मारक तोलोलिंगच्या पायथ्यालाच आहे. भिंतीवर नावं आहेत. या लढाईत आपले ५२७ गेले, हा आकडा भाषणात शंभर वेळा म्हटलाय. आज तो बोटाने वाचत गेलो, ओळीओळीने, तेव्हा निम्म्यातच पाय थांबले. तोलोलिंगवर मेच्या शेवटच्या आठवड्यात १८ ग्रेनेडियर्स चढायला लागले. माथा हाती आला १३ जूनला, २ राजपुताना रायफल्सच्या. मधले तीन आठवडे काय होते ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. चढाला आडोसा नाही. झाड तर नाहीच, माणूस लपेल असा मोठा धोंडाही क्वचित. वरून मशीनगन. आणि खालून आम्ही. वरच्या माणसाने डोकं वर काढू नये म्हणून गोळ्यांचा मारा चालू ठेवायचा, आपली पोरं अगदी जवळ पोचली की तो उचलून पुढे न्यायचा. लढाईभर आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली असं छापून येतं. टायगर हिल घेतला त्या दिवशी नऊ हजार. त्यातले माझ्या हाताने किती गेले याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

गटात पायदळातला एकच माणूस आहे, आमच्या एका सोबत्याचा व्याही. महार रेजिमेंटचा, मुश्कोह खोऱ्यात होता. दोन दिवस बसमध्ये फार बोलला नव्हता. आज मी दुर्बीण लावून धारेकडे बघत होतो तर शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “भाऊ, तुमचा गोळा डोक्यावरून जायचा ना, तो आधी ऐकू यायचा नाही. आधी वर उजेड, मग अंगाखालचा दगड हलायचा, मग आवाज. आम्ही दगडाला तोंड चिकटवून मोजत बसायचो. फायर पुढे सरकला की उठायचं. तुम्ही लवकर थांबवला तर आम्ही मेलो, उशिरा थांबवला तरी आम्हीच मेलो.” मग थोडं थांबून म्हणाला, “बराबर थांबवायचे.”

मला काही बोलता आलं नाही. त्याचा हात धरला आणि तसाच उभा राहिलो. माझी तोफ मुश्कोहच्या बाजूला क्वचितच वळली होती, हेही मी त्याला सांगितलं नाही. त्याने जे दिलं ते मी आमच्या सगळ्यांच्या वतीने घेतलं. चहाच्या वेळी नंबर वनना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

वाटाड्या इथलाच, द्रासचा. तेव्हा बारा वर्षांचा होता. आईबरोबर घाट ओलांडून गेला, मोठा भाऊ मागे राहिला आणि फौजेसाठी पाठीवर सामान वाहायला गेला. इथल्या कितीतरी माणसांनी ते केलं, रात्री पाणी आणि दारूगोळा घेऊन वर चढायचं आणि उजाडायच्या आत उतरायचं. त्यांच्याविषयी आम्ही भाषणात कधी बोलत नाही. यापुढे मी बोलणार आहे. वाटाड्याने पॉइंट ५१४० कुठे ते दाखवलं. २०२२ पासून त्या माथ्याचं नाव गन हिल. तोफचींच्या नावाने एक डोंगर. आम्ही आठ-दहा जण तिकडे तोंड करून उभे राहिलो आणि नंबर वननी तोफखान्याचा घोष दिला, ‘सर्वत्र’, आणि आम्ही म्हणालो, ‘इज्जत ओ इकबाल’. सहलीला आलेली कॉलेजची मुलं बघत होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, टोप्या काढल्या. मला ते फार आवडलं.

मग वाटाड्याशी एकट्याशी बोललो. घरी कुठली भाषा बोलता, असं सहज विचारलं. म्हणाला, शिना. पलीकडे गिलगितलाही हीच भाषा. वर बसलेले होते ते बरेचसे पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे त्याच मुलखातले. कारगिल भागात कित्येक घरांचे नातेवाईक अजून ताबारेषेच्या पलीकडे आहेत. वर मेलेल्या त्या इन्फंट्रीवाल्यांची प्रेतं त्यांच्या सरकारने आधी आपली म्हणून घेतली नाहीत, तेव्हा आपल्याच जवानांनी ती त्यांच्या धर्माप्रमाणे डोंगरावर पुरली. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. पण तो शांतपणे म्हणाला, “सर, उनकी माँ भी शिना में ही रोई होगी.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्ही केलं ते करायलाच हवं होतं. आपला हायवे, आपले डोंगर, त्यात माझ्या मनात तेव्हा दुमत नव्हतं आणि आजही नाही. तरीही माझ्या आकड्यांच्या शेवटाला माणसं होती, आणि ती कुठली भाषा बोलत होती ते आज कळलं.

दुपारी आमची जुनी जागा शोधली. नंबर वन म्हणत होते पुढच्या वळणावर, मी म्हणत होतो अलीकडे. तोफेचे पाय रुतवायला आम्ही खणलेला खड्डा अजून आहे, दगड ढासळून अर्धा भरलाय, त्यात गवत आणि निळी बारीक फुलं. रस्ता रुंद झालाय. मी साइट लावायचो त्या जागी उभा राहिलो आणि तोफेचं तोंड जिकडे असायचं तिकडे बघितलं. तीच सोंड. काहीच दिसत नाही. पण आता सोंडेच्या पलीकडे काय आहे ते मी सकाळी बघून आलो होतो. ही बाजूला बसली होती. म्हणाली, “अहो, इथून पत्रं लिहायचात?” इथूनच. छपन्न एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल ऑफिसचा पत्ता टाकून, दारूगोळ्याच्या पेटीवर कागद ठेवून. तिकडे घरी थोरली आठ महिन्यांची, आणि टीव्हीवर बोफोर्सचा आवाज आला की ही टीव्ही बंद करायची. त्या आवाजाच्या मागे मीच असायचो हे तिला कळत होतं. तिने आज खड्ड्यातलं एक फूलही तोडलं नाही, नुसता मातीला हात लावून कपाळाला लावला.

पितृपक्ष चालू आहे. आज दादांची तिथी. घरी धाकट्याने पान वाढलं असेल. हिने सकाळी हॉटेलच्या गडग्यावर पोळीचे दोन घास ठेवले होते. इथे कावळा दिसला नाही. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, लांब शेपटीचा एक पक्षी आला, वाटाड्या म्हणाला हा कावळ्याच्याच जातीतला. एक घास मामंजींचा, असं ही म्हणाली. दुसरा कुणाचा ते मी विचारलं नाही. दोन्ही गेले.

आता ज्यासाठी वही उघडली ते.

परत येताना आमच्यातल्या एकाने नाल्यात लोखंडाचा तुकडा पाहिला. आठवण म्हणून उचलायला वाकला. वाटाड्या ओरडला. एवढा सभ्य पोरगा, पण असा ओरडला की सगळे जागच्या जागी थांबले. तो तुकडा म्हणजे फुटलेल्या गोळ्याची साधी किरच निघाली. मी वाटाड्याला विचारलं, अजून ब्लाइंड सापडतात का? ब्लाइंड म्हणजे पडून न फुटलेला गोळा. म्हणाला, सापडतात. बर्फ वितळला की वरून घसरत येतात, पाण्याने उघडे पडतात. मेंढ्या चारणारी पोरं, खेळणारी पोरं. इतक्या वर्षांनी या जिल्ह्यात त्यांनी माणसं जखमी झालीत, मेलीतही. फौज येऊन निकामी करते, पण आधी कुणीतरी सांगायला तर पाहिजे.

प्रत्येक तोफेचे काही गोळे फुटत नाहीत. हे आम्हाला माहीतच असतं. बर्फात पडला, उतारावर तिरका घासला, तर फ्यूज काम करत नाही. रेंजवर सराव झाला की दुसऱ्या दिवशी ब्लाइंड शोधून उडवल्याशिवाय परतायचं नाही, हा नियम. इथे तो नियम कुणी पाळणार? लढाई चालली होती. वर राहिलेला एखादा गोळा त्यांचा असेल, माझा असेल. गंज चढल्यावर ओळखू येत नाही, आणि आतला माल तसाच असतो.

वाटाड्याला म्हटलं, तुमच्या गावातल्या शाळेत चित्र लावलंय का, कशाला हात लावायचा नाही त्याचं? म्हणाला, नीट असं नाही, मास्तर तोंडी सांगतात.

म्हणून सहलीच्या कार्यक्रमाच्या कोऱ्या बाजूवर काढतोय. १५५ मिलिमीटरचा तोफेचा गोळा, मुलाच्या मांडीपेक्षा जाड, टोकाला फ्यूज असलेला आणि फ्यूज तुटलेला असा दोन प्रकारे. मॉर्टरचा बॉम्ब, मागे पंख. हातबॉम्ब. नुसता फ्यूज, कारण तो चकचकीत असतो आणि पोरं तोच उचलतात. मातीत अर्धा गाडलेला कसा दिसेल तेही काढलं. खाली हिंदीत लिहिलं: हाथ मत लगाओ, पत्थर मत मारो, जिस रास्ते आए उसी रास्ते लौटो, बड़ों को बताओ, फौज या पुलिस को बुलाओ. वाटाड्या त्याखाली शिनात लिहून घेणार आहे. नंबर वन शेजारी बसून मापं तपासतायत. मॉर्टरचे पंख मी लहान काढले होते, ते त्यांनी खोडून मोठे करायला लावले.

लाल रंग हवा होता. हिने पर्समधून कुंकवाची पेन्सिल दिली. जनरेटर दहाला बंद होतो, अजून फ्यूज रंगवायचा राहिलाय. बस सकाळी साडेसहाला, त्याआधी कागद त्याच्या हातात द्यायचा आहे.