तुम्ही विचारलंत म्हणून: मेसमधलं नॉनव्हेज बंद करावं का?

वसतिगृहाच्या मेस कमिटीवर असल्यामुळे जून महिन्यात, पर्यावरण दिनाच्या आसपास, हा प्रश्न मला हमखास येतो. ‘हवामान बदलाची एवढी काळजी आहे, तर मेसमधलं नॉनव्हेज सरळ बंद का करत नाही?’ विचारणारे बहुतेक प्राध्यापक असतात, कधी पालक. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

युरोपातल्या सल्ल्यांत पहिला नंबर गोमांसाचा असतो, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार होतो. आमच्या मेसमध्ये गोमांस नसतंच. असते ती अंडाकरी आणि रविवारचं चिकन. ते काढलं की त्या जागी काय येतं? पनीर. दूध देणारी म्हैसही रवंथच करते, आणि एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं. २०१८ साली जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र मांडली. त्यात किलोमागे चीजचं उत्सर्जन कोंबडीच्या दुपटीहून आणि अंड्यांच्या चौपटीहून जास्त भरलं. चीजला पनीरपेक्षा दूध जास्त लागतं, हे खरं; तरी पनीर अंड्यापेक्षा हलकं ठरत नाही. कडधान्यं या सगळ्यांच्या खूप खाली.

शिवाय आपल्याकडे ताटावरून माणसाची जात काढली जाते. घरापासून लांब राहणाऱ्या एखाद्या मुलीला परवडणारं चांगलं प्रोटीन म्हणजे अंडं. हवामानाच्या नावाखाली ते तिच्या ताटातून उचलायला माझा ठाम विरोध आहे.

मग करायचं काय? मनाई न करता मांडणी बदलायची. केंब्रिज विद्यापीठातल्या कॅफेटेरियांमध्ये ९४,६४४ जेवणांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. चारांत एक शाकाहारी पदार्थ असायचा तिथे दोन ठेवले, तर शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. एरवी शाकाहारी पदार्थ क्वचितच घेणाऱ्यांमध्ये हा बदल सर्वांत जास्त दिसला. कुणाला उपदेश करावा लागला नाही.

आपल्याकडे याचा अर्थ मला सरळ दिसतो: उसळ चांगली करा. मेसमधली मटकीची उसळ म्हणजे पाण्यात पोहणारे चार दाणे, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण सगळं पनीरच्या भाजीला. तेच वाटण उसळीला घाला, वर तर्री येऊ द्या. मिसळीसाठी मुलं सकाळी लवकर उठून बाहेर रांगा लावतात. त्यांना कडधान्य नको आहे, असं कोण म्हणेल?

भाताचंही तसंच. पाणी भरून ठेवलेल्या भातखाचरातल्या मातीत हवा पोचत नाही, तिथे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वाढतात. रब्बीची ज्वारी जमिनीत उरलेल्या ओलीवर येते, तिला असं पाणी भरून ठेवावं लागत नाही. ज्वारीवर वाढलेली मराठवाड्यातली मुलं पुण्यात आली की भाकरीसाठी आसुसतात. अडचण भाकऱ्या थापण्याची असते. भाकरी तव्यावरून थेट ताटात यायला हवी आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींकडे तेवढा वेळ नसतो. आठवड्यातून एक दिवस पिठलं-भाकरी ठेवायची असेल, तर त्या दिवशी दोन मावशी जास्त लावाव्या लागतात, त्यांना त्याची वेगळी मजुरी द्यावी लागते. पनीरचा एक वार कमी करून तो खर्च काढावा, असं माझं मत आहे.

आणि खाडा, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे वजा होणं. कित्येक मेसमध्ये सलग दोन-तीन दिवस नसलात तरच खाडा धरतात, म्हणून एका वेळेला न येणारा मुलगा कळवतच नाही. त्याच्या वाटचं शिजतं आणि फेकलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. एका वेळेचा खाडा धरा, आदल्या रात्री कळवायची सोय ठेवा आणि त्याचे पैसे मुलांना परत द्या. मेसचालक कुरकुर करतील. त्यांच्याशी बोलायला मी केव्हाही येईन.