मधलं निप्पल राहून गेलं: तीन दिवस, तीन ओढे आणि पुढचा शाफ्ट

निघायच्या आदल्या रात्री पिकअपखाली आडवा झालो, दिसली तेवढी निप्पलं (जोडांत ग्रीस भरायची बारीक तोंडं) ग्रीस गनने भरली आणि हात पुसून झोपलो. ‘दिसली तेवढी’, घोळ इथेच झाला.

पहिला दिवस डांबरीचा, सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी चाळीसेक किलोमीटर नुसते धोंडे आणि तीन ओढे. गाडी जुन्या वळणाची: चारही चाकांना जोर देणारा फोर व्हीलचा दांडा हाताने टाकायचा, पुढचे हब, म्हणजे चाक एक्सलला जोडणाऱ्या कळा, खाली उतरून लॉक करायचे. तिसरा ओढा ओलांडून सपाटीला लागलो, दांडा टू व्हीलला आणला आणि चिवचिव सुरू झाली. खाली चिमणी बसल्यासारखी. वेग वाढला की घाईघाईने, उतरला की रमतगमत.

मित्र म्हणाला, ‘‘ब्रेकमध्ये खडा अडकलाय रे.’’ मीही तेच मानलं, कारण ते सोयीचं होतं. ब्रेक दाबून पाहिला, आवाज तसाच. मग उतरून दोन्ही हब मोकळे केले आणि पन्नासेक मीटर गाडी नेली. चिवचिव बंद! हब लॉक असले की टू व्हीलमध्येसुद्धा चाकं पुढचा एक्सल, त्यावरचा गिअरांचा डबा म्हणजे डिफरन्शियल आणि त्याला जोडलेला लांब दांडा म्हणजे शाफ्ट फिरवत राहतात. मोकळे केले की ते सगळं थांबतं. चाक आणि ब्रेक मात्र फिरतातच. म्हणजे दोष ब्रेकचा नाही, चाकाच्या बेअरिंगचाही नाही. आवाजावरून दोष शोधायचा तर सर्वांत आधी हे करा. दोन मिनिटांचं काम आहे.

खाली टॉर्च मारला. ट्रान्सफर केस म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा. त्याच्या टोकाला माझ्या शाफ्टवर दोन क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखे जोड) पाठोपाठ बसवलेले आहेत आणि त्यांच्या मधोमध एक बॉल, जो दोघांना एका रेषेत धरतो. त्या जोडाभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली होती. ग्रीस संपून लोखंड लोखंडावर घासलं की अशी भुकटी पडते. ओढ्यांनी त्यात भर घातली असणार: गरम जॉइंट थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं.

ग्रीस गन बरोबर होती, पण तिचं तोंड मधल्या बॉलच्या निप्पलवर बसेना. त्या निप्पलला डोकं नसतंच. एक खळगा आणि त्यात बारीक गोळी. त्याला सुईसारखं टोकदार नोजल लागतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं. पुढचा चढ सोडला आणि हब मोकळे ठेवून लांबच्या डांबरीने परतलो. या शाफ्टशी खेळू नये. टायरचा घेर २.४ मीटर आणि डिफरन्शियलचं प्रमाण ४.१ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१) धरलं, तर ताशी ६० किलोमीटरला तो मिनिटाला सतराशे फेरे घेतो. त्या वेगात तुटला तर गिअरबॉक्सचं कवचही फोडू शकतो.

घरी नोजल आणून काम केलं. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि दांडा टू व्हीललाच असू द्या. शाफ्ट फिरावा म्हणून ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकायचा मोह होतो. तसं केलं की गिअरमध्ये उभी गाडीही घरंगळू शकते. हब मोकळे असतील तर शाफ्ट हातानेच फिरतो. असे मोकळे होणारे हब नसलेल्या गाडीत निप्पल समोर आणायला गाडी थोडी पुढे घ्या. वरच्या हिशोबाने फूटभर सरकली की शाफ्टचा अर्धा फेरा होतो. फक्त सरकवताना खाली कोणी नको.

निप्पल आधी पुसा, नाहीतर वाळूच आत ढकलाल. मधल्या बॉलला पहिल्या दोन दाबांत काही झालं नाही. तिसऱ्याला तांबडं पाणी आलं, मग काळा चिखल, मग स्वच्छ ग्रीस. क्रॉसच्या चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरायचं, सावकाश. हातगनचा दाबही सील उलटवायला पुरतो. सरकत्या स्प्लाइनला (शाफ्ट लांब-आखूड होतो तो खाचांचा जोड) मात्र हात आखडता घ्या. तिथे ठासून भरलं तर शाफ्टला आत सरकायला जागाच उरत नाही आणि दणका ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो. ग्रीस कोणतं, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. साधारणपणे लिथियमचं, घट्टपणाच्या दोन नंबरचं चालतं. जॉइंटला निप्पलच नसेल तर तो सीलबंद आहे, वाजला की बदलायचाच.

आणि हो, पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात ग्रीस मारा.

चिवचिव गेली आहे. पण शाफ्ट धरून वरखाली हलवला तर मधला बॉल अजून जरासा खुळखुळतो; खाल्लेलं लोखंड ग्रीसने भरून येत नाही. नवा संच मागवलाय. तोवर हब मोकळे.