वरून दिसणारं आमचं शिवार

बाबांनी पाठवलेला तांदूळ मंगळवारी पोचला. युरोपात दुधाचे पदार्थ पार्सलनं आणायला बंदी, त्यामुळे कुंद्याची, आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईची, आशा मी सोडलीय. दरवर्षी येतो तो बेळगावच्या शहापूर शिवारातला आमचा बासमती. यंदा खोक्याचा एक कोपरा पार आत चेपलेला होता, हलवला की आत सळसळ. सुतळीनं तोंड शिवलेली पिशवी मधोमध फाटली होती. पुठ्ठ्याच्या घड्यांत दाणे, चिकटपट्टीला दाणे, मेतकुटाच्या डब्याखाली दाणे. वाटेत कुणीतरी खोका दाणकन आपटला असणार. फरशीवर बसून एकेक वेचला. बाबांनी चिखलात उभं राहून लावलेलं भात आहे ते, झाडून टाकायला हात धजेना.

त्याच रात्री गावाकडच्या मित्रानं हलगा-मच्छे बायपासचा ड्रोननं काढलेला व्हिडिओ पाठवला. खाली अंगठे, बदाम, ‘एकदम फॉरेन वाटालंय!’ लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. वरून शिवार नुसतं हिरवंच दिसतं. बांध कुणाचा, भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर कोण पेरतो, बळ्ळारी नाला तुंबला की आधी कुणाचं पीक बुडतं, यातलं काहीच दिसत नाही. याच रस्त्यासाठी जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी किती वर्षं कोर्टात आणि बांधावर लढले, तेही नाही.

मी राहतो ते फॉरेन म्हणजे नेदरलँड्समधलं उट्रेख्ट. शहर संपतं तिथून गाईंची कुरणं आणि पाण्याचे चर सुरू होतात. ती कुरणं आपोआप राहिलेली नाहीत. कुठल्या जमिनीवर काय करता येईल हे इथं नकाशावर ठरलेलं असतं आणि तो नकाशा कुणालाही घरबसल्या उघडता येतो. एखादी जागा नकाशावर दाबली की तिथले नियम समोर येतात. आराखडा बदलायचा तर मसुदा सहा आठवडे लोकांसमोर ठेवतात आणि त्यावर कुणीही म्हणणं मांडू शकतो. शेजारच्या आजींनी गल्लीतल्या एका इमारतीच्या उंचीवर दोन पानी पत्र दिलं होतं.

आपल्याकडेही विकास आराखड्याला नकाशा असतो, हरकतीही मागवतात. पिवळा रंग म्हणजे वस्ती, हिरवा म्हणजे शेती. पण कागदपत्रं बहुतेक कन्नडमध्ये. मराठी शेतकऱ्याला उतारासुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, मग नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं कोण वाचणार? कर्नाटक सरकारचं ‘दिशांक’ ॲप आहे, त्यात उभ्या जागेचा सर्व्हे नंबर कळतो. व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्या पोरांनो, एकदा आजोबांना घेऊन बांधावर उभे राहा आणि तो नंबर काढा. मग आराखड्यात त्याच नंबरावर कुठला रंग आहे ते बघा. हरकतीची मुदत संपायच्या आत बघा.

रविवारी बाबांना फोन केला.

“नकाशा बघितलासा काय?”

“बघितला की. आमच्या तुकड्यावर रेघ हाय एक. रस्ता हाय का नाला, कळंना. सोमवारी कन्नड येणाऱ्या पोराला घेऊन जातो.” जरा थांबून म्हणाले, “पिशवी फुटली म्हणं? पुढच्या खेपेला दोन पिशव्यांत घालतो.”